सासूबाई, हजेरी क्रमांक बारा

३ जुलै

आज स्टाफ मीटिंगमध्ये माझ्या तोंडून एक आख्खा अभ्यासक्रम निघून गेला.

झालं असं. प्राचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला (म्हणजे कुणाचं तरी काहीतरी जाणार) आणि जाहीर केलं, की शिल्पकलेला यंदा चारच मुलं आली आहेत, तेव्हा ती कार्यशाळा दुचाक्यांच्या पार्किंगला द्यावी. माझी कार्यशाळा! कॉलेजात लागल्यापासून मी तिथं माती मळतेय. झरोक्यातून येणारा तो सुरेख उजेड पार्किंगला कशाला हवा? स्कूटरी काय एकमेकींची चित्रं काढणार आहेत?

मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. म्हणाले, "सर, ती जागा देता येणार नाही. तिथं आपण नवा कोर्स सुरू करतोय. संवादी इलेक्ट्रॉनिक कला."

हे शब्द मी दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना एका जुन्या मासिकात वाचले होते. लेख संपायच्या आत मला आत बोलावलं, त्यामुळे पुढचं ठाऊक नाही.

"म्हणजे काय?" प्राचार्य म्हणाले.

"म्हणजे बघणाऱ्यानं काही केलं, की कलाकृतीही काहीतरी करते."

"काय करते?"

"उत्तर देते."

"उलट उत्तर देणारे आमच्या घरी भरपूर आहेत," प्राचार्य म्हणाले. सगळे हसले आणि त्या हशातच ठराव मंजूर झाला. अट एवढीच: महिनाअखेरपर्यंत किमान बारा विद्यार्थी, आणि सत्र संपताना विद्यापीठाची समिती येऊन बघणार. समितीला पटलं नाही तर पार्किंग.

घरी सांगितलं. नवऱ्यानं हातातली चष्म्याची फ्रेम खाली ठेवली. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्यामुळे तो माणसाकडे आधी नंबर किती असेल असं बघतो. "तुला बल्ब तरी बदलता येतो का?" त्यानं विचारलं.

"या घरात बल्ब मी बदलते," आतून सासूबाई म्हणाल्या. "तिला विचारून काय उपयोग?"

१४ जुलै

शिक्षक मिळाले. शेजारच्या तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. हुशार आहेत, पण सर्किटपासून दोन हात लांब उभं राहून शिकवतात आणि स्विच दाबायच्या आधी डोळे मिटतात. लहानपणी कधीतरी शॉक बसला म्हणे. तिथल्या मुलांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव झटकासर ठेवलं. मीही तेच लिहिणार आहे.

नियमावली तयार केली. विद्यार्थी मिळावेत म्हणून त्यात 'वयाची अट नाही' आणि 'पूर्वानुभवाची गरज नाही' अशी दोन वाक्यं घातली. दुसरं वाक्य शिक्षकांनाही लागू आहे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

३० जुलै

अकरा झाले. अकराच. उद्या शेवटचा दिवस. दिवसभर कॉरिडॉरमध्ये भेटेल त्याला अडवलं. एक मुलगा तयार झाला होता, पण तो पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेला निघाला.

जेवताना नवऱ्यापुढे सगळं ओकले. एका माणसासाठी माझी कार्यशाळा जाणार, वगैरे. बहुतेक रडलेही. सासूबाई शांतपणे जेवत होत्या. एवढंच म्हणाल्या, "ताटात रडू नये. अन्न खारट होतं."

दगडाचं काळीज म्हणतात ते हेच.

३१ जुलै

ऑफिसातल्या क्लार्कनं हसू दाबत बारावा अर्ज माझ्यापुढे ठेवला. वय एकाहत्तर. पूर्वीचा व्यवसाय: टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. पत्ता: माझाच.

घरी धावत आले. "आई, हे काय?"

"वयाची अट नाही असं लिहिलंय," सासूबाई म्हणाल्या.

"पण का?"

"आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. मला स्वतःला बोलायला कधी मिळालंच नाही."

हे धादांत खोटं आहे. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना गप्प पाहिलेलं नाही. मला कारण स्वच्छ दिसतंय. घरातलं माझं काही बघायचं शिल्लक राहिलेलं नाही, आता कॉलेजातलं बघायचंय. नवऱ्याला म्हटलं, त्यांना समजाव. तो म्हणाला, "मी पंच आहे. मी खेळत नाही."

कोर्स मात्र वाचला. योगायोग कसा असतो बघा.

७ ऑगस्ट

पहिला तास.

काल संध्याकाळभर स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून 'सेन्सर'ची व्याख्या पाठ केली. 'सेन्सर म्हणजे भोवतालच्या बदलाची दखल घेऊन त्याचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारा घटक.' दहादा म्हटली. दूध उतू गेलं.

आज हजेरी घेतली. बारावा क्रमांक पुकारला तर पहिल्या बाकावरून, "हजर आहे, मॅडम!" सबंध वर्गानं मान वळवली. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि पुढ्यात पेन्सिली रांगेत मांडल्या होत्या.

मी बोलायला लागले आणि पार गोंधळले. कलेचा इतिहास, अवकाश, माणूस आणि यंत्र, काय वाटेल ते बोलत सुटले. मागं एक मुलगी कानाला हेडफोन लावून बसली होती. (तास संपेपर्यंत सगळे तिला हेडफोनच म्हणायला लागले.) ती जांभया देत होती. इतक्यात सासूबाईंनी हात वर केला.

"मॅडम, हे सेन्सर सेन्सर म्हणतात, ते नक्की काय असतं?"

खिंडीत गाठायला निघाल्या होत्या! पण नशीब माझं बलवत्तर. नेमकं जे पाठ होतं तेच विचारलं. मी न अडखळता सगळं म्हणून दाखवलं. झटकासरांनी मान डोलावली. हेडफोननं एक कान मोकळा केला.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आवाज मागपर्यंत पोचत नाही तुझा. आणि खडू धरतेस की लाटणं?"

२१ ऑगस्ट

आजही सासूबाईंनी काल पाठ केलेलंच विचारलं. सलग पाचव्यांदा. माझं नशीब म्हणायचं की काय! आता मी मुद्दाम मोठ्यानं पाठ करते. मोठ्यानं केलं की फळतं, असं दिसतंय.

त्यांना सोल्डरिंग मात्र अजिबात जमत नाही. दोन तारा जोडायला सांगितल्या तर जोडावर शिशाचा हा एवढा गोळा. झटकासर लांबून म्हणाले, "आजी, कमी." सासूबाई म्हणाल्या, "सर, जवळ येऊन सांगा." झटकासर जवळ गेले! पहिल्यांदाच. मग दोघांनी मिळून बाकाला भोक पाडलं.

११ सप्टेंबर

वाईट बातमी. हेडफोनचा कोर्स सोडण्याचा अर्ज आलाय. कारण: 'इथं काय चाललंय ते कळत नाही.' तिच्यामागून आणखी दोघं जाणार अशी कुजबुज आहे. तिघं गेली की नऊ उरतात. नऊ म्हणजे पार्किंग.

मला खरंच कळत नाहीये मी काय करतेय ते. मातीत हात घातला की मला कळतं कुठं दाबायचं, कुठं सोडायचं. तारेला कुठं दाबायचं? सोडून द्यावं का? प्राचार्यांना सरळ सांगावं का, की सर, दातांच्या डॉक्टरांनी जरा उशिरा बोलावलं असतं तर बरं झालं असतं?

१३ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत बघावं तर सासूबाई जिन्यावर दरबार भरवून बसलेल्या. डबा उघडा, भोवती हेडफोन आणि ती दोघं. मी जवळ जाताच चौघंही गप्प. हेडफोननं तर हेडफोन चक्क गळ्यात उतरवले होते. सासूबाईंचं ऐकायला! म्हणजे विषय काय असणार ते उघड आहे. सून.

१५ सप्टेंबर

हेडफोननं अर्ज मागं घेतला! काल मी 'रिकामी जागा हेच शिल्प' यावर जे बोलले त्याचा परिणाम. शब्दांत ताकद असते. इतर दोघंही थांबली. सासूबाईंनी जिन्यावर एवढी चुगली करूनही मुलं माझ्याकडे टिकली, याचा मला अभिमान वाटतो.

२६ सप्टेंबर

आजचा दिवस लिहू नये असा आहे.

नमुना म्हणून मी स्वतः एक मातीचं डोकं घडवलं होतं. समोर माणूस आला की डोळे त्याच्याकडे वळणार. प्राचार्यांना मुद्दाम बोलावलं. घाई होती, म्हणून शेवटच्या दोन तारा, लाल आणि काळी, झटकासरांना न दाखवता मीच जोडल्या.

प्राचार्य समोर उभे राहिले. डोक्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मग दोन डोळे दोन दिशांना गेले आणि गरगरायला लागले, डाव्या कानातून धूर आला, फाट्कन आवाज झाला आणि सबंध इमारतीचे दिवे गेले. प्राचार्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर वार्षिक अहवाल अर्धा लिहून उघडा होता. सेव्ह केलेला नव्हता.

काळोखात त्यांचा आवाज आला, "हे कुणी जोडलं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून सासूबाई म्हणाल्या, "मी, सर. म्हातारीचे हात. चुकून हलले."

प्राचार्य एकाहत्तर वर्षांच्या बाईला काय बोलणार? "जपून करत जा, आजी," म्हणून चाचपडत निघून गेले.

तरी मला संशय होताच, की सासूबाईंनीच काहीतरी घोळ घातला असणार! माझ्या नमुन्याला त्यांनी कधी हात लावला ते मात्र मला आठवत नाही. लाल-काळं तर मीच जोडलं होतं, उलटसुलट झालं असेलही, पण त्यानं एवढं होत नसावं. झटकासरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही भाग्यवान आहात." प्रश्न काय, उत्तर काय.

२० ऑक्टोबर

सगळे आपापल्या अंतिम कामाला लागलेत. सासूबाई आपलं काम मला दाखवत नाहीत. "परीक्षेच्या आधी मॅडमना दाखवलं तर पेपर फुटतो," म्हणतात. संध्याकाळी खोलीचं दार लावून रेकॉर्डिंग करतात. मी दाराशी गेले की आतली कुजबुज थांबते. "कोण आहे?" "मी." "मग आत ये, नाहीतर पुढं जा. मध्ये उभी राहू नकोस."

नवऱ्याला विचारलं, काय बोलतात त्या आत? तो हसला. त्याला ऐकवलेलं दिसतंय! पंच कसला, फितूर झालाय.

२४ नोव्हेंबर

समिती आली. तिघं होते. अध्यक्ष म्हणजे एक टक्कल पडलेले गंभीर गृहस्थ. हातात पेन, ओठ मिटलेले.

मुलांची कामं छान झाली होती. हेडफोननं एक काळी खोली केली होती, आत जाऊन तुम्ही जितके शांत उभे राहाल तितका उजेड वाढायचा. अध्यक्ष आत जाऊन आले आणि त्यांनी पेनाचं टोपण लावून टाकलं.

शेवटी सासूबाईंचं काम. भंगारातून आणलेली एक दाराची चौकट कार्यशाळेच्या मध्यभागी उभी. पलीकडे भिंत नाही, खोली नाही, नुसतीच चौकट. अध्यक्ष पुढं झाले. चौकटीतून सासूबाईंचा आवाज आला, खणखणीत:

"किती हा उशीर! आणि केस विंचरायचे असतात माणसानं!"

मी डोळे मिटले. झटकासरांनी आधीच मिटले होते. संपलं सगळं, असं वाटलं. अध्यक्षांनी टकलावरून हात फिरवला आणि चौकटीतून पलीकडे गेले, पार खिडकीपर्यंत. तेवढ्यात चौकट पुन्हा काहीतरी बोलली, हळू आवाजात. मी दुसऱ्या टोकाला होते, मला ऐकू आलं नाही. पण चौकटीजवळ उभ्या असलेल्या दोघी सदस्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं पर्समधून रुमाल काढला. अध्यक्ष खिडकीशी उभे राहून विचारत होते, "काय म्हणाली? माझ्याबद्दल काय म्हणाली?" कुणी सांगेना. ते परत आले तर चौकट म्हणाली, "पाय आपटत चालू नये." तेही हसले. मग तिघंही आळीपाळीनं आतबाहेर करत बसले, आणि प्रत्येक जण उरलेल्या दोघांना 'काय म्हणाली' विचारत होता.

मग सगळे म्हणाले, मॅडम, तुम्ही. गेले. "तोंड का पाडलंय?" चौकट म्हणाली. पुढं गेले. पाठीमागं ती काहीतरी पुटपुटली. वळून बघते तर सबंध वर्ग माझ्याकडे बघून हसतोय, हेडफोनचे डोळे भरलेत, आणि प्राचार्य चक्क टाळ्या वाजवतायत.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही, मॅडम," हेडफोन म्हणाली. "ते ज्याच्याबद्दल असतं त्याला ऐकू येऊ नये, असंच केलंय आजींनी."

समितीनं कोर्सला कायमची मान्यता दिली. कार्यशाळा वाचली. पार्किंग गच्चीवर नेणार म्हणे. स्कूटरी कशा चढवणार, ते प्राचार्यांनी बघावं. मी आनंदात असायला हवं. पण समितीपुढे, प्राचार्यांपुढे, माझ्याच विद्यार्थ्यांपुढे माझ्या पाठीमागं काय बोलल्या त्या? घरी जेवताना मी अवाक्षर काढलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "दात दुखतायत का?"

२५ नोव्हेंबर

आज सुट्टी. कॉलेजात चिटपाखरू नाही. मी किल्ली घेऊन कार्यशाळेत गेले आणि चौकट चालू केली. म्हटलं, सोक्षमोक्ष लावूनच टाकते.

पण एकट्या माणसाला ती ऐकूच येत नाही! आत शिरले, ओरडा खाल्ला. लांब गेले, ती पुटपुटली. धावत परत आले, तर पुन्हा ओरडा. "घरात पळू नये!" चार वेळा केलं. पाचव्या वेळी धाप लागली आणि मी मातीच्या पोत्यावर बसले.

समोर शिल्पांची चाकाची गाडी दिसली. तिच्यावर प्लास्टरचं एक धड होतं. डोकं नाही, हात नाहीत, नुसतं धड. मी गाडी चौकटीसमोर आणली, स्वतः बाजूला चौकटीच्या लाकडाला चिकटून उभी राहिले आणि काठीनं ढकलली.

चौकट धडाला म्हणाली, "तोंड का पाडलंय?"

मी एकटीच खोखो हसले. गाडी पलीकडे घरंगळत गेली. मग सासूबाईंचा तो आवाज, जो मी कधीच ऐकला नव्हता. खालचा, मऊ.

"गेलं माणूस? दमलेलं असतं हो. समोर कौतुक करायला जीभ वळत नाही माझी. पण पाऊल वाजलं, की घर भरल्यासारखं वाटतं."

मी गाडी ओढून आणली. पुन्हा ढकलली. दर वेळी वेगळं वाक्य. धडाला पाठ सरळ ठेवायला सांगितलं, केस विंचरायला सांगितलं, नखं कापायला सांगितलं. आणि मागून प्रत्येकाचं काही ना काही चांगलं. कितव्या फेरीला कोण जाणे, हे आलं:

"गेली का सून? पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा नखांत माती होती तिच्या. मी लेकाला आत बोलावून म्हटलं, काम सोडून धावत आलीये ही, हात धुवायचंही सुचलं नाही तिला. हिला घालवू नकोस."

आणि मी इतकी वर्षं समजत होते की त्या दिवशी माझ्या नखांकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

प्लास्टरची धूळ डोळ्यांत गेली. बराच वेळ जात राहिली. त्यात प्राचार्य दारात. ते म्हणे फाइल न्यायला आले होते. माझ्या हातात काठी, गाडीवर धड, डोळे लाल.

"मॅडम, हे धड घेऊन कुठं निघालात?"

"घरी," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

१ डिसेंबर

तोंडी परीक्षा. बाहेरचे एक परीक्षक, झटकासर आणि मी. क्रमांक बारा आत आल्या, नमस्कार केला, पदर सारखा करून बसल्या. मी काही ऐकलंय हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. त्यांनी मला चोरून दिलं, मीही चोरूनच ठेवणार.

मी परीक्षकाच्या आवाजात विचारलं, "तुमच्या कलाकृतीत माणसाच्या तोंडावर एक बोललं जातं आणि पाठीमागं दुसरं. यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही, मॅडम."

"पण जास्त खरं?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "तोंडावरचं. केस खरंच विंचरलेले नसतात."

बाहेरचे परीक्षक हसता हसता खोकायला लागले. झटकासरांनी त्यांना पाणी दिलं. मी गुणपत्रिकेवर आडवा हात धरून माझ्या वाट्याचे गुण लिहिले. मग वर बघून म्हणाले, "जोड अजून कच्चे आहेत तुमचे. शिसं फार वापरता. पुढच्या वर्षी सुधारणा हवी."

"पुढच्या वर्षी?" सासूबाई म्हणाल्या.

"दोन वर्षांचा कोर्स आहे. नियमावली वाचली नाहीत?"

(एका सत्राचाच आहे. पण परवा प्राचार्यांपुढे माझ्या तोंडून पुढचं वर्षही निघून गेलंय.)

८ डिसेंबर

निकाल लागला. क्रमांक बारा पहिल्या आल्या. हेडफोन दुसरी. झटकासर निकालाचा कागद फलकावर लावताना अगदी ट्यूबलाइटला चिकटून उभे होते, घाबरले नाहीत.

रात्री जेवायला बसलो. सासूबाईंनी लेकाला सांगितलं, "तुझी बायको परीक्षक म्हणून अगदीच ढिली आहे. गुण उधळलेत नुसते. आमच्या वेळी असं नव्हतं."

"आई, मी वाढीव एकही गुण दिलेला नाही," मी म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. कमी करायला शिक."

नवरा ताटात बघून हसत होता. मी पाण्याचं निमित्त करून उठले, स्वयंपाकघरात गेले, दार अर्धवट लोटलं आणि त्याच्याआड श्वास रोखून उभी राहिले. म्हटलं, आता मागून काहीतरी येईल.

बाहेर वाटी सरकली. मग सासूबाईंचा आवाज, खणखणीत:

"दाराआड उभी आहेस ते कळतंय गं मला. आधी पाणी आण."